मधल्या सुट्टीत मुलांबरोबर खेळायचं तर: खेळात शिरायचं कसं, बाहेर कधी पडायचं

प्रश्न: आमची पहिली ते सातवीची जिल्हा परिषदेची शाळा आहे. पट 112, शिक्षक पाच. मधल्या सुट्टीत शिक्षकांनीही मुलांसोबत खेळावं असं आमच्यात ठरतंय. काहीजण उत्साहात आहेत. काहींना वाटतं की मुलं डोक्यावर बसतील, शिवाय कुणी पडलं-झडलं तर निस्तरणार कोण? हे नेमकं कसं करावं?

उत्तर: जरूर खेळा. पण रोज नको, सगळ्यांनी एकदम नको आणि सुट्टीभर तर नकोच. शारीरिक शिक्षणाचा तास तुमचा असतो, मधली सुट्टी मुलांची असते. तासाला तुम्ही खेळ शिकवता, नियम सांगता, चुका दुरुस्त करता. सुट्टीत तेच सुरू केलंत तर मुलांना आणखी एक तास बसल्यासारखं होईल. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 साली मधल्या सुट्टीवर एक धोरणपत्र काढलं होतं. त्यातही हेच ठासून सांगितलंय की सुट्टी शारीरिक शिक्षणाच्या तासाची जागा घेऊ शकत नाही, तो तास सुट्टीची जागा घेऊ शकत नाही, आणि शिक्षा म्हणून किंवा अभ्यास राहिला म्हणून सुट्टी काढून घेऊ नये.

मैदानावर शिक्षकाचं काम तीन गोष्टींपुरतं असतं: अडलेला खेळ सुरू करून देणं, कडेला राहिलेल्या मुलाला आत यायला वाट करून देणं आणि खेळ रंगात आला की बाहेर पडणं. पहिल्या दोन गोष्टी बहुतेकांना जमतात. तिसरी राहून जाते आणि मग खेळ शिक्षकाभोवतीच फिरायला लागतो. सर आले तरच लगोरी, सर रजेवर तर मुलं भिंतीला टेकून उभी, असं झालं की फायद्यापेक्षा तोटा जास्त.

पहिला आठवडा खेळूच नका. वहीच्या पानावर मैदानाचा ढोबळ नकाशा काढा: फाटक, पाण्याची टाकी, स्वच्छतागृह, पोषण आहाराची स्वयंपाकखोली, झाडं, ओटा. सुट्टी सुरू झाल्यावर दहाव्या मिनिटाला आणि विसाव्या मिनिटाला कोण कुठे आहे ते त्यावर टिपा. चार-पाच दिवसांत चित्र उमटतं. बहुतेक शाळांत ते थोड्याफार फरकाने एकच असतं. मधली मोकळी जागा सहावी-सातवीच्या मुलांच्या क्रिकेटने अडवलेली, मुली कडेला किंवा ओट्यावर, पहिली-दुसरीची मुलं दोन्हींच्या मधून सैरावैरा पळणारी, आणि दोन-तीन मुलं रोज एकेकटी त्याच जागी. कुठे शिरायचं ते हा नकाशाच सांगतो. जिथे खेळ मस्त रंगलाय तिथे तुमची गरज नाही.

वेळेचा हिशोब आधी करा. समजा सुट्टी 45 मिनिटांची आहे. हात धुणं, रांग आणि जेवण यात 20 ते 25 मिनिटं जातात. पोटभर खिचडी खाऊन लगेच पळापळी केली की पोटात कळ येते, लहान मुलांना उलटीही होते. म्हणून जेवणानंतरची पाच-सात मिनिटं सागरगोटे, गप्पा, तळ्यात-मळ्यात असल्या बेताच्या खेळात जाऊ द्यावीत. पळण्याच्या खेळाला उरतात 12 ते 15 मिनिटं. त्यातली पहिली आठ मिनिटं तुम्ही आत, उरलेली बाहेर. घंटेच्या दोन मिनिटं आधी एक टोला द्यायची पद्धत पाडा, म्हणजे डाव संपवायला, पाणी प्यायला आणि हात-तोंड धुवायला वेळ मिळतो. डाव अर्धवट तुटला की त्याचं भांडण वर्गात येतं आणि पुढच्या तासाची दहा मिनिटं खातं.

खेळणारा शिक्षक आणि लक्ष ठेवणारा शिक्षक एकच असू शकत नाही, हे पक्कं धरा. चेंडूवर नजर असलेल्या माणसाला फाटकाबाहेर निघालेलं पहिलीचं पोर दिसत नाही. तुम्ही पाच आहात, तर एका दिवशी एकाने खेळायचं आणि एकाने फेरी मारायची. एकाने पोषण आहाराच्या वाटपाजवळ थांबायचं, कारण गरम पातेलं आणि पळणारी मुलं जवळजवळ असणं ही शाळेतली सर्वांत धोक्याची जोडी. उरलेल्या दोघांनी स्वस्थ बसून डबा खायचा. हे शेवटचं मुद्दाम लिहितोय. शिक्षकालाही सुट्टी लागते. पाचही जणांना रोज मैदानावर उतरवणारा उपक्रम पंधरा दिवसांत थंडावतो. प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्यातून एक दिवस खेळ आणि एक-दोन दिवस देखरेख आली की गाडी वर्षभर चालते. कुणाचे गुडघे दुखत असतील, कुणी गरोदर असेल, कुणाला नकोच वाटत असेल, तर त्यांना देखरेख किंवा ओट्यावरचे बैठे खेळ द्या. सक्तीने खेळणारा शिक्षक मुलं पहिल्याच मिनिटाला ओळखतात.

द्विशिक्षकी शाळेतही एक आत, एक बाहेर हाच नियम. एकशिक्षकी शाळेत फक्त तेच खेळ घ्या ज्यात तुम्ही एका जागी उभे राहून सगळं आवार पाहू शकता. रुमालपळवी चालेल, लपंडावात राज्य घेणं चालणार नाही.

आता तुमच्या अंगाचा विचार. तिसरीतलं मूल 25 किलोच्या आसपास असतं, तुम्ही 60-70 किलोचे. धडक झाली तर मूल फेकलं जातं. म्हणून मोठ्या माणसाने तीन पथ्यं पाळायची. पाठमोरं धावायचं नाही, मागे नेहमी कुणीतरी छोटं असतंच. गर्दीच्या मध्यात न घुसता कडेकडेने धावायचं. आणि दोन मुलं तुमच्याकडे एकदम झेपावली तर हुलकावणी न देता जागीच थांबायचं आणि बाद व्हायचं. खिशातलं पेन, किल्ल्या, मोबाइल, गळ्यातलं ओळखपत्र, अंगठी, कडं आधी टेबलावर काढून ठेवा. खिशातलं पेन बरोबर मुलाच्या डोळ्याच्या उंचीला येतं. काचेच्या बांगड्या फुटून मुलांना लागतात, त्यामुळे बाईंनी पळापळीच्या खेळात त्या तरी उतरवाव्यात, नाहीतर हाताची पकड नसलेला खेळ निवडावा. लांब मंगळसूत्र ओढलं जातं, ते आत घ्यावं. साडीत पदर आणि निऱ्या खोचून खेळता येतं, खरी अडचण चपलांची असते. चप्पल घालून धावलं की घोटा मुरगळतो. बूट घाला, नाहीतर जमीन स्वच्छ असेल तर अनवाणी खेळा. तोंडात शिट्टी धरून धावू नका, पडलात तर दात जातो. आणि दिवसभर उभं राहून एकदम सुसाट धावू नका. पन्नाशीजवळच्या शिक्षकांना पोटरी आणि टाचेची शीर इथेच दगा देते. खेळात उतरण्याआधी दोन मिनिटं टाचा वर-खाली करा आणि घोटे फिरवा, तेवढं पुरतं.

खेळात शिरायची रीत महत्त्वाची आहे. “चला रे, आज आपण विषामृत खेळूया” हे शिकवणं झालं. चालू खेळाच्या कडेला जाऊन “मला घेता का?” असं विचारणं म्हणजे भिडू होणं. मुलं नाही म्हणाली तर मुकाट्याने दुसरीकडे जायचं. तो नकार मनापासून मानलात तरच पुढचा होकार खरा. आत आल्यावर नियम त्यांचे. गावोगाव नियम वेगळे असतात. कुठे टाइम प्लीज चालतं, कुठे नाही. “आमच्या वेळी असं नव्हतं” हे वाक्य तोंडातून काढू नका. तुम्ही बाद झालात की बाद. एखाद्या मुलीला “सर, तुम्ही आऊट” असं बेधडक म्हणता आलं पाहिजे, आणि त्यावर तुम्ही हुज्जत न घालता बाजूला झालं पाहिजे. पहिल्या दोन-तीन दिवसांत मुलं नेमकं हेच तपासतात. पंच मुलांतलाच ठेवा, रोज नवा. वाद झाला आणि सगळे तुमच्याकडे बघायला लागले तर सांगा, “मी भिडू आहे, पंचाला विचारा.” भांडण मिटवायची त्यांची रीत बहुधा तुमच्यापेक्षा वेगाने चालते: पुन्हा डाव घ्यायचा, नाहीतर चकायचं. मारामारी, शिवीगाळ किंवा कुणाला धरून चिडवणं सुरू झालं तरच भिडूपण सोडून शिक्षक व्हा, आणि तसं झाल्याचं स्पष्ट बोलून दाखवा.

मुद्दाम हरू नका. दुसरीच्या मुलालाही ते कळतं आणि मग खेळातली जान जाते. त्याऐवजी सगळ्यांसमोर स्वतःवर अट लावून घ्या: मी डाव्या हाताने फेकणार, मी फक्त लंगडीने धावणार, मला तीनच पावलं. अट मुलांनाच ठरवू द्या, तो त्यांच्या आनंदाचा भाग असतो. अट पाळून मात्र जीव तोडून खेळा.

आता भिडू पाडणं. मैदानावर सर्वांत जास्त जिव्हारी लागणारी गोष्ट इथे घडते. दोन कर्णधार आळीपाळीने नाव घेत जातात आणि शेवटी एक मूल उरतं, रोज तेच. उपाय आपल्याकडे जुनाच आहे. साधारण सारख्या ताकदीच्या दोघादोघांनी जोडी करायची, बाजूला जाऊन गुपचूप दोन नावं ठरवायची, एकाने चंद्र, दुसऱ्याने सूर्य किंवा एकाने चिंच, दुसऱ्याने आवळा, आणि गळ्यात हात टाकून दोन्ही कर्णधारांपुढे यायचं. एक कर्णधार नाव मागतो, ते ज्याचं तो त्याच्याकडे, दुसरा पलीकडे. पुढच्या जोडीला दुसरा कर्णधार मागतो. दोन्ही बाजू आपोआप सारख्या होतात आणि शेवटचं कुणी उरतच नाही. 20 मुलांचं काम दोन-तीन मिनिटांत होतं. संख्या विषम असेल तेव्हा तुम्ही त्या सुट्ट्या मुलाचे जोडीदार व्हा. तुम्ही खेळायला असण्याचा खरा उपयोग इथेच आहे. जोड्या लावताना एवढंच पाहा की एकाच वाडीची, एकाच आळीची मुलं एका बाजूला गोळा होत नाहीत. गावात वाडी आणि आळी बऱ्याचदा जातीवरून पडलेली असते. मैदानावर तीच रेघ उमटू द्यायची नसेल तर जोड्या वस्त्यांत मिसळून लावाव्या लागतात, तेही भाषण न देता. हाक पहिल्या नावाने मारा, आडनावाने नको.

कोणता खेळ घ्यायचा ते वय आणि जागा बघून ठरवा. पहिली-दुसरीला बाद होऊन बाहेर बसण्याचा खेळ देऊ नका, ती रडतात आणि खेळच सोडतात. तळ्यात-मळ्यात, मामाचं पत्र, संत्रं-लिंबू असे पाच-सहा मिनिटांचे खेळ घ्या. चुकला त्याला बाहेर काढण्याऐवजी दोन उड्या मारून पुन्हा आत घ्या.

तिसरी ते पाचवीला विषामृत सर्वांत सोयीचं. ज्याच्यावर राज्य तो शिवला की विष, मूल जागीच थिजतं, गड्याने येऊन अमृत दिलं की सुटतं. यात कुणी बाहेर बसत नाही, दुबळ्या मुलालाही वारंवार कुणीतरी सोडवायला येतं. 20 मुलांमागे तीन राज्यवाले लागतात. एकच असेल तर तो दमतो आणि खेळ विरतो. जागा 15 बाय 15 मीटर पुरते. साखळीचा खेळ मात्र जपून घ्या. साखळी सहा-सातची झाली की मध्यातले वळतात आणि टोकाचं मूल भिरकावलं जातं. चौघं झाले की दोन-दोनच्या दोन साखळ्या कराव्यात, आणि शिक्षक साखळीत असेल तर त्याने फक्त चालायचं.

लगोरीचं सामान शाळेतच तयार होतं. फुटक्या कौलाच्या सात चकत्या घ्या, सर्वांत खालची तळव्याएवढी, वर लहान होत जाणारी. कडा फरशीवर घासून बोथट करा, ताज्या तुटलेल्या कौलाची धार हात कापते. चेंडू रबरी किंवा कॉर्कचा नको. मोज्यात चिंध्या दाबून भरा, संत्र्याएवढा गोळा झाला की तोंड शिवा, वरून सुतळी चौफेर गुंडाळून तीही दोऱ्याने ठिकठिकाणी टाचा, नाहीतर दोन दिवसांत ती सुटते. ओला झाला की हा चेंडू जड होतो आणि लागतो, म्हणून दोन-तीन करून ठेवा आणि वाळलेलाच वापरा. जुना टेनिसचा चेंडू मिळाला तर सर्वांत बरं. नेम मारायचं अंतर तिसरी-चौथीला तीन मीटर, मोठ्यांना पाच. चेंडू कमरेखालीच मारायचा. लगोरी रचणारा वाकलेला असतो, तेव्हा तो जवळून डोक्यात बसतो. म्हणून रचणाऱ्याभोवती दोन मीटरचं रिंगण आखा, मारणाऱ्याने त्यात पाय टाकायचा नाही.

रुमालपळवीत शिक्षकाला न धावता मध्यभागी राहता येतं आणि पुकारायचा आकडा त्याच्या हातात असतो. दोन्ही बाजूंना उंचीच्या क्रमाने उभं करून आकडे दिले की जवळपास सारखीच जोडी समोरासमोर येते. घोटाळा एकच: रुमाल जमिनीवर ठेवला तर दोघं एकदम वाकतात आणि डोक्याला डोकं आपटतं. रुमाल उलट्या बादलीवर ठेवा, नाहीतर तुम्ही हातात कमरेच्या उंचीला धरा.

डॉजबॉलमध्ये जो कच्चा तो आधी बाहेर जातो, म्हणजे ज्याला खेळाची जास्त गरज तोच जास्त वेळ बसून राहतो. बाद झालेल्याला रिंगणावर फेकणारा करा, त्याने कुणाला बाद केलं की तो पुन्हा आत. जुना व्हॉलीबॉल घ्या, हवा इतकी कमी करा की अंगठ्याने दाबल्यावर बोटभर आत जाईल. रिंगण आठ-दहा पावलांच्या व्यासाचं, मार गुडघ्याखाली. शिक्षकाने फेकणारा होऊ नये, आतच राहावं. तुम्हाला मारण्यासाठी सगळे एक होतात आणि त्यात लाजरी मुलंही नेम धरायला धजावतात.

लंगडीत मोठी माणसं पटकन दमतात, त्यामुळे तिथे वेगळी अट लावावी लागत नाही. सिमेंटच्या अंगणात मात्र घेऊ नका, मातीतच घ्या, आणि टाचेवर आपटत न जाता चवड्यावर, गुडघा किंचित वाकवून उडी घ्यायला सांगा. सुट्टीत पाय बदलायला हरकत नाही. खो-खोचं पूर्ण मैदान 27 बाय 16 मीटरचं असतं, सुट्टीत 15 मीटर लांबी आणि पाच बसणारे पुरे. खांबाऐवजी फक्कीचं वर्तुळ काढा, घाईत खांबावर आपटून ओठ फुटतात. खो पाठीवर उघड्या तळव्याने द्यायचा. बसलेल्याला ढकलून उठवणारी मुलं हमखास निघतात, त्यांचा खो फुकट धरा.

क्रिकेटवर बंदी घालू नका, ते चोरून होतं. पण त्यात दोघं खेळतात, दहा जण उभे राहतात आणि सगळं मैदान अडतं. आठवड्याचे दोन दिवस ठरवा, जागा कडेची द्या, वन टप्पा आऊट ठेवा आणि प्रत्येकाला एक षटक सक्तीचं करा. इतर दिवशी मधली जागा दुसऱ्या खेळांची. मुलींना मुलांच्या क्रिकेटमध्ये घुसवण्याचा प्रयत्न फारसा चालत नाही, त्यांना सीमारेषेवर उभं करून मुलं खेळत राहतात. त्यापेक्षा मुली कडेला जो खेळ खेळतात तो मैदानाच्या मध्यावर मांडा आणि शिक्षकाने तिथे भिडू व्हावं. आठवडाभरात मुलं स्वतःहून “आम्हालाही घ्या” म्हणत येतात, आणि तेव्हा घ्यायचं की नाही हे मुली ठरवतात.

सहावी-सातवीत एक सावधगिरी जास्त हवी. हाताने शिवण्याचे, पकडण्याचे, ओढण्याचे खेळ मोठ्या माणसाने या वयाच्या मुलामुलींबरोबर खेळू नयेत, पुरुष शिक्षकांनी मुलींबरोबर तर मुळीच नाहीत. चेंडूचे किंवा रुमालाचे खेळ घ्यावेत. खेळ नेहमी उघड्यावर, दुसऱ्या सहकाऱ्याला दिसेल अशा जागी. खांद्यावर बसवणं, कवेत उचलणं, गुदगुल्या हे लहानांनाही नको. हेतू चांगला असला तरी मुलाला स्पर्श नको वाटत असेल तर ते तोंडावर सांगू शकत नाही, कारण तुम्ही सर आहात. पोक्सो कायदा 2012 चा आहे आणि तो सगळ्यांना माहीत असायलाच हवा. पण कायदा नसता तरी हा नियम हवाच होता.

ज्याला खेळायचं नाही त्याला न खेळू द्या. एखादं मूल सुट्टीत निंबोणीच्या सावलीत बसून गोष्टीचं पुस्तक वाचतं, तेही त्याचं सुट्टी घेणंच असतं. लक्ष द्यायचं ते बघत उभं राहणाऱ्या मुलाकडे. दोन दिवस सलग तेच मूल खेळाच्या कडेला, नजर खेळावर आणि पाय जागच्या जागी, असं दिसलं तर त्याचा हात धरून आत ओढू नका. सगळ्यांच्या नजरा वळतात आणि ते आणखी आक्रसतं. त्याच्याजवळ जाऊन उभे राहा, बाहेर आलेला चेंडू त्याच्याकडे सोडा, तो त्याने परत फेकला की एक धागा जोडला गेला. नाहीतर संख्या विषम झाली की भिडू पाडताना तो तुमचा जोडीदार होतोच. गुण मोजायचं काम देणं ही पहिल्या दिवसापुरती युक्ती आहे, महिनाभर तेच दिलं तर त्याचं न खेळणं तुम्हीच कायम केलं.

दिव्यांग मुलाला लिंबूटिंबू ठेवणं पाच वर्षांच्या वयात गोड वाटतं, दहाव्या वर्षी ते अपमानाचं होतं. मुलाला सूट देण्यापेक्षा खेळ बदलावा. चालायला त्रास असलेल्या मुलासाठी विषामृतात एक मोठं रिंगण आखा. त्यात ते मूल अमृत देणारं, विष झालेल्यांना बाकीच्यांनी त्याच्यापर्यंत आणायचं. म्हणजे सगळा खेळ त्याच्याभोवती फिरतो. दृष्टिहीन मुलासाठी चिंध्यांच्या चेंडूत घुंगरू घाला आणि चेंडू जमिनीवरून सरपटत पाठवा, किंवा सगळ्यांच्याच डोळ्यांवर पट्टी बांधून बसल्या जागी खेळ घ्या. दमा, फिट, हृदयाचा आजार असलेल्या मुलांची नावं देखरेखीच्या शिक्षकाकडे लिहिलेली असावीत. दमेकरी मुलाचा पंप दप्तरात नको, कार्यालयात हाताशी हवा. आदिवासी भागात सिकलसेलची मुलं असतात. उन्हात दमछाक आणि पाणी कमी पडणं हे त्यांना वेदनेचा झटका आणू शकतं, म्हणून त्यांना सावलीतले आणि थांबत-थांबत खेळायचे खेळ, आणि पाणी आधीही, नंतरही.

तुमच्या सहकाऱ्यांची मुख्य शंका: मुलं डोक्यावर बसतील का? खेळामुळे शिस्त ढासळते ती दोन कारणांनी. एक, घंटा झाली तरी शिक्षकच खेळत राहतो किंवा वर्गातही थट्टेच्या सुरात बोलत राहतो. घंटा झाली की खेळ मैदानावर सोडा, पाणी प्या, वर्गात जाऊन फळ्यावर तारीख लिहा. एवढा बदल मुलांना पुरतो. दुसरं कारण उलटं आहे: मैदानावरचं बोलणं शिक्षक वर्गात काढतो. खेळताना “सर, तुम्ही रडीचा डाव खेळता” म्हणालेल्या मुलाला गणिताच्या तासाला ते ऐकवलंत तर खेळ त्या दिवसापासून बंद झाला असं समजा. तसंच वर्गातला राग मैदानावर नको. गृहपाठ राहिला म्हणून सुट्टीत वर्गात बसवणं थांबवा. जास्त चुळबुळ करणाऱ्या मुलालाच ही शिक्षा जास्त मिळते, आणि दुपारच्या तासाला तो आणखी चुळबुळतो.

दोन मोह टाळा. पाढे म्हणत लंगडी, इंग्रजी शब्द सांगितला तरच खो, असं काही करू नका. तो उपक्रम तासाला घ्या, छानच आहे. आणि फोटो. खेळणाऱ्याने मोबाइल बाहेर काढायचाच नाही. फोटोसाठी खेळ थांबतो, मुलं ओळीत उभी राहतात आणि अंगठे वर करतात. अहवालाला फोटो हवाच असेल तर देखरेख करणाऱ्याने महिन्यातून एकदा लांबून काढावा.

मैदान रोज सकाळी परिपाठाआधी पाच मिनिटं फिरून पाहा. शाळेचं आवार रात्री गावाचंही असतं: काचा, खिळे, बाभळीचे काटे, कधी खणलेला खड्डा. रेषा आखायला चुना वापरू नका, डोळ्यात गेला तर भाजतो. फक्की, राख किंवा खडूची पूड घ्या. कोकणात पावसाळ्यात जांभ्याच्या अंगणावर शेवाळ धरतं, तिथे पळणं बंद. पडवीत सागरगोटे, अष्टा-चंगपे, काचापाणी. काचापाणी बांगड्यांच्या तुकड्यांऐवजी चिंचोक्यांनी खेळा. विदर्भ-मराठवाड्यात फेब्रुवारी सरता सरता दुपारचं ऊन पळायच्या लायकीचं राहत नाही. सकाळची शाळा सुरू होईपर्यंत सावलीतलेच खेळ, आणि खेळाआधी पेलाभर पाणी. शहरातल्या शाळेत जागा टीचभर असेल तर सगळ्यांना एकदम सोडू नका, दोन पाळ्या करा आणि फरशीवर ऑइलपेंटने तीन वेगळे चौक रंगवून घ्या.

पडणं-झडणं होणारच. खरचटलं तर वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवायचं, हळद किंवा माती दाबायची नाही. घोळणा फुटला तर मान मागे टाकायची नाही, पुढे वाकवायची आणि नाकाचा मऊ भाग सलग दहा मिनिटं चिमटीत धरायचा. हात-पाय सुजला किंवा वाकडा दिसला तर चोळायचं नाही, ओढायचं नाही, पुठ्ठ्याचा आधार बांधून दवाखान्यात न्यायचं. पक्का दात मुळासकट निघाला तर मुळाला हात न लावता वरच्या भागाला धरून उचला, दुधात टाका आणि मुलाला दातासह तासाभराच्या आत दंतवैद्याकडे पोहोचवा. वेळेत गेलं तर दात पुन्हा बसू शकतो. डोक्याला मार लागलेल्या मुलाला त्या दिवशी पुन्हा खेळू देऊ नका. उलटी, झोपाळलेपण, गोंधळल्यासारखं बोलणं, वाढती डोकेदुखी यातलं एकही दिसलं तर लगेच दवाखाना.

निस्तरायचं कोणी याचं उत्तर कागदावर आधीच असू द्या. शिक्षक खेळत असो वा नसो, शाळेच्या वेळेत मुलांकडे लक्ष देण्याची जबाबदारी शाळेची असतेच, खेळण्याने ती नव्याने येत नाही. म्हणून शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत उपक्रम मांडा, खेळांची यादी आणि देखरेखीची पाळी इतिवृत्तात नोंदवा. किरकोळ सोडून कुठलीही इजा झाली तर वेळ, जागा, काय केलं हे वहीत लिहा आणि मूल घरी पोहोचायच्या आधी पालकांना फोन करा. पालक चिडतात ते बहुधा लागलं म्हणून नाही, उशिरा कळलं म्हणून.

जूनमध्ये सुरुवात केलीत तर दिवाळीपर्यंत रोज एक शिक्षक आत असू द्या. दिवाळीनंतर आठवड्याला तीन दिवस, मकरसंक्रांतीनंतर एकच. सामानाची पेटी पाचवी ते सातवीच्या चार मुलामुलींकडे सोपवा, महिन्याने चौघं बदला. चेंडू देणं-घेणं, रिंगण आखणं, जोड्या लावणं हे सगळं त्यांच्याकडे. अधूनमधून पहिल्या आठवड्यातला नकाशा पुन्हा काढून जुन्याशेजारी ठेवा. ज्या दिवशी एकही शिक्षक खेळत नाही त्याच दिवशी काढा. भिंतीला टेकलेली मुलं कमी झाली असतील, मध्यावर मुली दिसत असतील, तर दिवस आणखी कमी करा. तसं नसेल तर एक दिवस वाढवा, आणि खेळ बदलण्याआधी भिडू कसे पाडले जातायत ते बघा.